दुपारची उधारी

कूलरसमोरची घरची जागा सोडून इथे आलेल्या सोलापूरकर श्रोतेहो,

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते मला आठवीत भूगोल शिकवायचे. मे महिन्यात शाळेला सुट्टी असे, पण गुरुजींचा एक तास सुट्टीतच व्हायचा. मेच्या दुसऱ्या आठवड्यात गल्लीतली पोरे गोळा करून ते पटांगणात न्यायचे, एक काठी जमिनीत रोवायचे आणि ओळंबा लावून ती सरळ आहे ना ते बघायचे. मग नुसते बसायचे. सव्वाबारा ते साडेबाराच्या दरम्यान काठीची सावली आखडत आखडत बुडाशी गोळा व्हायची आणि क्षणभर नाहीशीच व्हायची. गुरुजी म्हणायचे, "बघा रे, आज सूर्य सोलापूरच्या बरोब्बर डोक्यावर बसलाय." सोलापूर साडेसतरा अक्षांशाच्या किंचित पुढे, कर्कवृत्त साडेतेवीसवर. त्यामुळे सूर्य वर्षातून दोनदा आपल्या माथ्यावरून जातो: मे महिन्यात एकदा आणि ऑगस्टच्या सुरुवातीला पुन्हा एकदा. ऑगस्टात ढग असतात, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. मधल्या अडीच-पावणेतीन महिन्यांत दुपारचा सूर्य चक्क आपल्या उत्तरेला असतो.

पुढे मी पाच वर्षे आर्किटेक्चर शिकलो. (वास्तुशास्त्र हा शब्द मुद्दाम टाळतोय. तो उच्चारला की लोक देवघर ईशान्येला घ्यायचे का, तेवढेच विचारतात.) कॉलेजात ल कार्बुझिए शिकवला, मीस व्हॅन डर रोहे शिकवला. काठी मात्र कोणी रोवली नाही. चाळीस वर्षे घरे बांधून झाल्यावर आज सांगतो, माझ्या धंद्यातले निम्मे शहाणपण त्या काठीत होते आणि मी ते बराच काळ विसरून गेलो होतो.

आयोजकांनी विषय दिला आहे 'हरित आणि शाश्वत वास्तुरचना: तत्त्वे व लाभ'. पत्रिकेवर छान दिसतो. मी त्याचे माझ्यापुरते सोलापुरी भाषांतर करून घेतले: कमी मागणारे घर. वीज कमी मागेल, पाणी कमी मागेल, डोंगराकडून, नदीकडून, भट्टीकडून कमी घेईल आणि म्हातारपणी दुरुस्तीसाठीही फार हात पसरणार नाही, असे घर. माझे म्हणणे असे की हे मागणे नकाशावर पहिली रेघ ओढतानाच ठरते. सोलर पॅनेल, सेन्सर, पाच ताऱ्यांचा एसी हे सगळे नंतरचे. रेघ चुकली असेल तर ती भरपाई, आणि बरोबर असेल तर बक्षीस.

छपरापासून सुरुवात करतो, कारण आपल्या भागात खरा मामला छपराचाच आहे. मे महिन्यात आडव्या छपरावर जेवढे ऊन पडते तेवढे कोणत्याच भिंतीवर पडत नाही. उघड्या, काळवंडलेल्या स्लॅबचा पृष्ठभाग दुपारी ६० अंशांच्या घरात जातो. वाळवण काढायला अनवाणी गच्चीवर गेलेल्या कोणालाही विचारा. गंमत अशी की त्या वेळी खालची खोली तेवढी तापलेली नसते. पाच-सहा इंची काँक्रीटमधून उष्णता खाली पोचायला चारेक तास लागतात. दुपारी दोनला घेतलेले ऊन सहानंतर खोलीत उतरू लागते आणि रात्री अकरा वाजले तरी उतरतच असते. बाहेर वारा सुटलेला, अंगण गार झालेले आणि आत पंखा गरम हवा घुसळतोय, हा अनुभव इथे प्रत्येकाचा आहे. मी याला दुपारची उधारी म्हणतो. दिवसभर उचल स्लॅबने करायची आणि रात्री फेड आपण करायची. पूर्वी आपण संध्याकाळी गच्चीवर बादल्या ओतायचो आणि गाद्या वर न्यायचो. आता पाणी चार-पाच दिवसांआड येते आणि झोपायला गच्ची राहिलेली नाही, म्हणून एसी घेतो. दीड टनाचा एसी रात्रभर चालला की रोजचे आठ-दहा युनिट गेले. ती वीज थंडाव्यावर कमी आणि स्लॅबची उधारी फेडण्यावर जास्त खर्च होते.

माझ्या आजोळी, सोलापूर-तुळजापूर पट्ट्यातल्या एका गावात, घराला माळवद होते. इथल्या तरुण मुलांनी ते पाहिले नसेल म्हणून सांगतो. सागाचे किंवा बाभळीचे खांब, त्यावर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या किंवा नुसत्या तुराट्या, त्यावर कडुलिंबाचा पाला, आणि सगळ्यात वर पांढरी माती, दीड-दोन फुटांचा थर. खांबांच्या मधल्या जागेला खण म्हणायचे आणि घर खणांवर मोजायचे: तीन खणी, पाच खणी, सात खणी. लग्न जमवताना 'घर केवढं?' या प्रश्नाचे उत्तर चौरस फुटांत नव्हे, खणांत मिळे. भिंत दगडाची, दोन-अडीच फूट जाड. छपराला एक झरोका, उजेडासाठी आणि चुलीच्या धुरासाठी. मे महिन्यातल्या दुपारी त्या माजघरात शिरले की डोळ्यांपुढे अंधारी यायची आणि अंगावर गारवा.

हा गारवा कुठून यायचा? माळवदही उधारी करायचे, पण सावकाश. ऊन मातीत शिरेपर्यंत संध्याकाळ व्हायची, तोवर वरून आभाळ थंड होऊ लागलेले असायचे आणि निघालेली उष्णता वाटेतच विरून जायची. आत पोचायची ती तिची किरकोळ बाकी. मात्र हे जमायला दिवस आणि रात्र यांत अंतर लागते. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी ४२ आणि पहाटे २६ असा पंधरा-सोळा अंशांचा उतार असतो, म्हणून जाड माती चालते. हेच घर रत्नागिरीत बांधले तर माणूस घामाने बेजार होईल. तिथे रात्रीही पारा फारसा उतरत नाही आणि हवा दमट. तिथे काम वाऱ्याने करायचे असते. म्हणून चिऱ्याच्या भिंती, उतरते कौलारू छप्पर, पुढे-मागे पडवी आणि समोरासमोर दारे-खिडक्या. एकाच महाराष्ट्राने हवा पाहून अशी दोन वेगळी उत्तरे शोधली. आज दोन्हीकडे एकच नकाशा विकला जातो, 'टू बीएचके विथ टेरेस', आणि दोन्हीकडची माणसे एकाच कंपनीचा एसी घेतात.

माती म्हटली की आणखी एक गोष्ट सांगायला हवी. आपल्या जुन्या कागदपत्रांत गावाचे दोन भाग असतात: काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेत, पांढरी म्हणजे वस्ती. मला ही वाटणी म्हणजे मृदाशास्त्राचा धडा वाटते. काळी माती पाण्याने फुगते, उन्हात हातभर भेगा देते. ज्वारीला उत्तम, भिंतीला जुलमी. पांढरी फुगत नाही, थापली की बसते, पाण्याला लवकर आत घेत नाही. गढ्या तिच्याच आणि माळवदेही तिचीच. कोणती माती पोटाला आणि कोणती डोक्यावर, हे ज्या भाषेने गावाच्या भागांच्या नावांतच लिहून ठेवले, त्या भाषेत बोलणाऱ्यांना बांधकामाआधी माती तपासून घ्या असे मला आज व्यासपीठावरून सांगावे लागते.

इथपर्यंत ऐकून कोणाला वाटेल की हा म्हातारा आता जुने ते सोने म्हणणार. थांबा.

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून माणसे झोपली होती. पहाटे चारला काही मिनिटे कमी असताना किल्लारी आणि भोवतालची गावे हादरली. पन्नाशीपुढच्या प्रत्येकाला तो हादरा इथे सोलापुरातही जाणवलेला आठवत असेल. भूकंपशास्त्राच्या मापाने तो मध्यम, साडेसहाच्याही आतला. पण लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून हजारो माणसे गेली आणि त्यांतली बहुतेक आपल्याच घराखाली गेली. त्यानंतरच्या महिन्यात मी मदतीच्या गटाबरोबर तिथे गेलो होतो. माझ्या आजोळच्यासारखीच घरे. तोच गारवा देणारा मातीचा थर, आता जमिनीवर.

का पडली, ते नीट समजून घेऊ. भिंत दिसायला अडीच फुटी, पण खरे तर ती एक भिंत नव्हतीच. बाहेरून एक थर, आतून एक थर आणि मध्ये माती व कपचे. दोन्ही थरांना एकत्र धरून ठेवणारा आरपार दगडच नाही. हादरा बसताच दोन्ही थर एकमेकांपासून सुटले, फुगले आणि ढासळले. वर माळवद. ते गळू लागले की दर पावसाळ्याआधी कोणीतरी आणखी चार पाट्या पांढरी टाकायचे, जुनी न काढता. दहा फूट बाय दहा फूट खोलीवर दोन फूट माती म्हणजे नऊ टनांच्या आसपास वजन होते. आजोबांनी टाकली, बापाने टाकली, पोराने टाकली. वजन कोणी मोजले नाही. काही घरांत भिंती गेल्या तरी लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिलेला मी पाहिला. म्हणजे जुन्या सुताराचे बरोबर होते, गवंड्याचे चुकले आणि मालकाने ओझे वाढवले.

एक आजी राखेने भांडी घासत बसल्या होत्या. मी माझे शहाणपण पाजळत होतो की दगडमाती नीट बांधली तर पडत नाही. त्यांनी मान वर न करता म्हटले, "पत्रा अंगावर पडला तर डोकं फुटतंय बाबा, जीव जात न्हाई." मी गप्प झालो. पुनर्वसनात गावेच्या गावे नव्या जागी गेली, सरळ रस्ते आले, सिमेंटची घरे आली. बाकी मराठवाड्यात लोकांनी माळवदाची धास्ती घेतली आणि पत्रा जवळ केला. आज त्या भागातून मे महिन्यात फिरलात तर दुपारी पत्र्याच्या घरात कोणी दिसत नाही. सगळे लिंबाखाली. एका रात्रीच्या भीतीची किंमत प्रत्येक उन्हाळ्याला मोजली जाते आहे आणि त्या आजींना दोष द्यायचा अधिकार मला नाही.

दोष आमच्या व्यवसायाला आहे. कारण उपाय माहीत होता. मातीच्या आणि कच्च्या दगडी घरांनी भूकंपात तग कसा धरायचा, याची मार्गदर्शक मानके भारतीय मानक ब्यूरोने त्याच १९९३ सालात छापली. त्यात अवघड काही नाही. दर चार फुटांवर एक आरपार दगड, उंचीला दर दोन फुटांनी पुन्हा तसाच. दारा-खिडक्यांच्या माथ्यावर घराला कमरपट्टा घातल्यासारखा काँक्रीटचा अखंड पट्टा. कोपऱ्यांना बांधणी. छपरावर कमी वजन. हे ज्ञान इंग्रजी पुस्तिकेत राहिले आणि गवंड्यापर्यंत पोचले नाही. शाश्वत वास्तुरचना हा शब्द वापरताना मला नेहमी किल्लारी आठवते. जे घर झोपेत माणूस मारते ते कितीही गार असो, शाश्वत नव्हे. आणि जे घर उभे राहते पण दर उन्हाळ्यात माणसाला बाहेर हाकलते, तेही नव्हे.

माळवद परत आणा असे मी म्हणणार नाही. स्लॅबला माळवदाचे गुण द्या असे म्हणेन. आपल्याकडे गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा कोबा करतात. त्यावर पांढऱ्या फुटक्या टाइल्सचा चायना मोझॅक बसवला की ऊन बरेचसे परत जाते. काही ठिकाणी मातीची मडकी पालथी मांडून वरून कोबा करतात. मडक्यात कोंडलेली हवा उष्णता अडवते. खर्च नको असेल तर दर होळीनंतर गच्चीवर चुन्याचे दोन हात. अहमदाबाद महापालिकेने २०१३ साली उष्मालाटेसाठी कृती आराखडा केला, पुढे त्यात गरीब वस्त्यांची छपरे पांढरी करणे आले. तेलंगणने २०२३ साली गार छपरांचे धोरणच काढले. आपल्याकडे अजून लोक गच्चीला काळे वॉटरप्रूफिंग फासून घेतात आणि मग वर एसीचे बाहेरचे यंत्र ठेवतात. सोलर पॅनेल लावत असाल तर जरूर लावा. वीज मिळेलच, पण स्लॅबवर सावली पडते हा त्याचा फायदा विक्रेता सांगत नाही, तो मी सांगतो.

आता माझी स्वतःची चूक. व्यवसाय सुरू करून तीन-चार वर्षे झाली होती. होटगी रस्त्याकडे एका डॉक्टरांचा बंगला केला. रस्ता पश्चिमेला. त्यांना दर्शनी भाग 'मुंबईसारखा' हवा होता, मलाही हवा होता. दिवाणखान्याला पश्चिमेकडे बारा फुटी काच लावली, वर दीड फुटी छज्जा. वास्तुशांतीला पाहुण्यांनी वाहवा केली. वास्तुशांती जानेवारीत होती. मे महिन्यात डॉक्टरांच्या घरून वहिनींचा फोन आला, "या आणि चार वाजता इथे बसून दाखवा." गेलो. बसता आले नाही. काचेवर आतून गोधडी टांगली होती.

त्या रात्री मी गुरुजींची काठी पुन्हा रोवली, म्हणजे कागदावर. छज्जा दीड फुटी. दक्षिणेच्या खिडकीवर तो अप्रतिम काम करतो: एप्रिल-मे महिन्यांत दुपारचा सूर्य जवळजवळ माथ्यावर असल्याने चार फुटी खिडकी पूर्ण सावलीत राहते, आणि डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे झुकून ४९ अंशांवर येतो तेव्हा खिडकीच्या खालच्या सव्वादोन फुटांतून कोवळे ऊन आत येते. उन्हाळ्यात अडवायचे, हिवाळ्यात बोलवायचे, आणि हे सगळे न हलणारा एक छज्जा करतो. तोच छज्जा पश्चिमेला लावा. मे महिन्यात संध्याकाळी पाचला सूर्य क्षितिजापासून साधारण पंचवीस अंशांवर असतो. दीड फुटी छज्ज्याची सावली त्या वेळी काचेवर किती उतरते? आठ इंच. बारा फुटी काचेला मी आठ इंची टोपी घातली होती.

म्हणून पहिली रेघ. घराची लांब बाजू उत्तर-दक्षिण तोंडाने ठेवा आणि आखूड बाजू पूर्व-पश्चिमेला. प्लॉट तसा नसेल, आणि बहुतेक वेळा नसतोच, तर पश्चिमेला जिना, संडास-न्हाणी, कोठीची खोली टाका. त्या भिंती तापू देत, तिथे कोणी झोपत नाही. पश्चिमेला खिडकी हवीच असेल तर उभी, अरुंद, बाहेरून झडपेची. बाहेरून हे महत्त्वाचे आहे. आतला पडदा ऊन आत आल्यानंतर त्याला अडवतो, म्हणजे चोर घरात शिरल्यावर कडी लावण्यासारखे. आणि पश्चिमेला एक झाड. कडुलिंब लावा, सोलापूरचे पाणी त्याला पुरते. या सगळ्यासाठी एक रुपया जास्त लागत नाही. डॉक्टरांच्या घराचे पुढे काय झाले? काचेच्या जागी वीट आली, जाळी आली आणि माझी फी परत गेली. ते अजून माझे स्नेही आहेत. वहिनी मात्र गोधडीची आठवण दर दिवाळीला काढतात.

जाळीवरून लॉरी बेकर यांच्याकडे येतो. १९१७ साली बर्मिंगहॅममध्ये जन्मलेला हा वास्तुकार १९४५ साली कुष्ठरुग्णांच्या कामासाठी भारतात आला आणि इथलाच झाला. २००७ साली तिरुवनंतपुरमला वारला. बेकर सांगत की मुंबईत गांधीजी भेटले तेव्हा त्यांनी एक कसोटी सांगितली होती: घर पाच मैलांच्या आत मिळणाऱ्या सामानातून उभे राहावे. बेकरांनी ती कसोटी आयुष्यभर खिशात ठेवली. तिरुवनंतपुरमचे सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज पाहून या. विटांच्या जाळ्या, गिलावा नाही, भिंती वळणावळणाने झाडांना वाट देत गेलेल्या. त्यांची 'रॅट ट्रॅप' बांधणी प्रसिद्ध आहे. विटा आडव्या न टाकता कडेवर उभ्या रचायच्या, मध्ये पोकळी ठेवायची. नऊ इंची भिंतीत साधारण पाव हिस्सा विटा वाचतात आणि पोकळीतली हवा उष्णता अडवते. स्लॅबमध्येही त्यांनी अशीच काटकसर केली. खालच्या बाजूचे काँक्रीट ताण घेत नाही, सळई घेते. मग ते भरायचे कशाला? तिथे जुनी मंगलोरी कौले बसवली.

मी उत्साहाने एक रॅट ट्रॅप घर इथे बांधायला घेतले. आठ दिवसांत सोडून दिले. या बांधणीला वीट काटकोनात लागते आणि आपल्या भागातल्या भट्टीची वीट सहाही बाजूंनी मनमोकळी असते. केरळची युक्ती उचलून सोलापुरात आणणे हेही पाच मैलांच्या कसोटीविरुद्धच होते, हे उशिरा कळले. आपल्या आसपास काय आहे? काळा दगड आहे. होटगीजवळच्या औष्णिक वीज केंद्राची राख आहे, तिच्या विटा सरळ आणि भट्टीशिवाय होतात. थोडे पुढे गेलात तर शहाबादी फरशी आहे, रेल्वेने काही तासांवर. उन्हाळ्यात तिच्यावर उघड्या अंगाने पडण्याचे सुख ज्याने घेतले आहे तो तिच्यावर चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल का चढवतो, हे मला आजवर उमगलेले नाही.

सिमेंटबद्दल थोडक्यात. चुनखडी १४०० अंशांच्या वर भाजली की क्लिंकर होते. जळणाचा धूर निघतोच, पण चुनखडीच्या पोटातलाही कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि मोठा वाटा त्याचाच. जगाच्या एकूण कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनातला सात-आठ टक्के भाग एकट्या सिमेंटचा धरतात. म्हणून साध्या घरासाठी राखमिश्रित सिमेंट मागा. त्यात १५ ते ३५ टक्के राख असते, म्हणजे तेवढे क्लिंकर वाचले. ते सावकाश घट्ट होते, त्यामुळे पाणी मारायला कंटाळू नका. चुनखडी आणि भाजलेली माती मिसळलेल्या नव्या सिमेंटलाही २०२३ साली भारतीय मानक मिळाले आहे. पण सगळ्यात मोठी बचत सांगू? एक खोली कमी बांधा. दोन माणसांसाठी चार बेडरूम आणि तीन संडास बांधून वर सोलर हीटर लावणाऱ्या यजमानांना मी हल्ली हळूच विचारतो, की राहणार कोण?

प्रमाणपत्रांविषयी विचारतात. भारतीय हरित इमारत परिषद २००१ साली सुरू झाली, पुढे 'गृह' ही आपली स्वतःची मानांकन पद्धत आली. वाढीव चटई क्षेत्राची सवलतही मिळते. हैदराबादचे सोहराबजी गोदरेज ग्रीन बिझनेस सेंटर २००४ साली राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते खुले झाले. अमेरिकेबाहेर प्लॅटिनम 'लीड' मानांकन मिळवणारी ती पहिली इमारत. वास्तुकार करण ग्रोव्हर यांनी तिथे मधला चौक, जाळीची भिंत आणि हवा खेळवणारे मनोरे वापरले. मी पाहिली आहे आणि तिला माझा सलाम आहे. पण एका महानगरातल्या दुसऱ्या एका प्रमाणित इमारतीतही मी गेलो होतो. सगळीकडे काच. भर दुपारी काचेची तिरीप संगणकावर येते म्हणून पडदे ओढलेले, पडदे ओढले म्हणून दिवे लावलेले, आणि दिवे कमी वीज खातात म्हणून गुण मिळालेले. प्रमाणपत्र खोटे नव्हते. तिथे पहिली रेघच चुकलेली होती आणि तिचे गुण कोणी कापले नव्हते.

पाण्याचा हिशेब एका दमात. हजार चौरस फूट छपरावर ५०० मिलीमीटर पाऊस धरला आणि गळती-उडती सोडली, तर वर्षाला सुमारे ३७ हजार लिटर हाती लागते. चार माणसांच्या कुटुंबाला पिण्याला-स्वयंपाकाला रोज २० लिटर धरले तर वर्षाला ७३०० लिटर. म्हणजे पिण्यापुरते आभाळ पुरते, वर उरते. पहिल्या दोन पावसांचे पाणी सोडून द्या, टाकीला उजेड लागू देऊ नका. बाकी टँकरवाल्याचा नंबर तुमच्याकडे आहेच.

आता लाभ कोणाला, हा प्रश्न. पत्रिकेत 'लाभ' शब्द आहे म्हणून आकडे सांगायला हवेत, पण मला एक घर डोळ्यांपुढे येते. कुंभारीजवळ विडी कामगार महिलांची गोदूताई परुळेकर वसाहत आहे, दहा हजार घरांची. लढून मिळवलेली घरे आहेत ती, आणि मी त्यांच्यापुढे नम्र आहे. तिथल्या बाईला घर म्हणजे कारखाना. सूप मांडीवर, तेंदूची पाने, तंबाखू, दोरा. सकाळपासून रात्रीपर्यंत त्याच छपराखाली. पंखा फुल्ल करता येत नाही, तंबाखू उडते. एकदा दुपारी अशा एका ताईंकडे गेलो तर त्या दाराच्या उंबऱ्यावर अर्ध्या बाहेर, अर्ध्या आत बसून विड्या वळत होत्या. तो उंबरा त्यांनी वाऱ्याचा माग काढत निवडला होता. खोलीतली ती एकच जागा होती जिथे दक्षिणेचा झोत येई. मी मनात म्हटले, या बाईने पाच वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण केला आहे.

बंगल्यातले तापमान दोन अंशांनी उतरले तर वीजबिल उतरते. त्या खोलीतले दोन अंशांनी उतरले तर हजार विड्यांचा दिवस संध्याकाळी थोडा लवकर संपतो, पोर रात्री झोपते, म्हातारीला ग्लानी येत नाही. आणि ते दोन अंश चुन्याच्या दोन हातांनी, पश्चिमेच्या एका झाडाने, समोरासमोरच्या दोन खिडक्यांनी मिळण्याजोगे आहेत. नव्या वसाहतींचे नकाशे मंजूर करणाऱ्यांपैकी कोणी आज इथे असतील तर त्यांना हात जोडून सांगतो: घरांच्या रांगा रस्त्याकडे तोंड करून नका लावू, सूर्याकडे पाहून लावा. कंत्राटाची रक्कम तेवढीच राहते.

आणि तुम्हांपैकी जे घर बांधायच्या बेतात आहेत त्यांच्यासाठी. आर्किटेक्टकडे जायच्या आधी मे महिन्यातला एक अख्खा दिवस आपल्या रिकाम्या प्लॉटवर काढा. छत्री न्या, पाण्याची कळशी न्या आणि एक काठी रोवा. सकाळी आठला, बाराला आणि पाचला सावली कुठे पडते तिथे चुन्याची खूण करा. वारा कोणत्या बाजूने येतो ते पदराला, धोतराला विचारा. त्या खुणा मोबाइलमध्ये टिपून माझ्याकडे या. मी सहा वाजेपर्यंत ऑफिसात असतो. त्यानंतर ते फार तापते. स्लॅबचे आहे.